‘संप मिटला की तारीख धरू’

प्रश्न: माझं वय 74. नाशिकला असतो, बँकेतून निवृत्त झालो. मुलगा आणि सून पुण्यात आयटीत आहेत. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. आधी लॉकडाऊन, मग पगारकपात, मग मुलाच्या कंपनीतून माणसं काढायला सुरुवात. दर वेळी उत्तर एकच, ‘एवढं मिटू दे, मग बघू.’ आमच्या काळात 72 चा दुष्काळ आला, आणीबाणी आली, रेल्वेचा संप झाला. आमच्या घरी मुलं झालीच ना? देशात उलथापालथ झाली म्हणून मुलं होऊ न देणं हा या पिढीचा घाबरटपणा नाही का? सुनेशी बोलायला गेलो की घरात ताण होतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा माझा थोरला भाऊ आठवला. म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते.

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. वडील मुंबईला गिरणीत, लालबागच्या चाळीत एक खोली आणि वर पोटमाळा. दादा साचाखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार म्हणून लागला. बदलीवाला म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. अशी पाच वर्षं काढून 1981 साली तो कायम झाला. कायम झाला म्हणूनच कराडकडचं स्थळ आलं. डिसेंबरात सुपारी फुटली, वैशाखात लग्न ठरलं. आईने तेवढ्यात मलमलीच्या दोन कुंच्या शिवून ट्रंकेत ठेवल्या. लग्नाआधीच कुंच्या काय शिवतेस, असं म्हणून आत्या तिला रागावली होती, ते मला स्पष्ट आठवतं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सकाळी उठवणारा भोंगा बंद झाला. पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटत होतं, होळीपर्यंत मिटेल. वडिलांनी कराडला कळवलं, ‘संप मिटला की तारीख धरू.’ वैशाख गेला. पुढच्या वर्षीचा वैशाखही गेला. तुम्हाला ठाऊकच असेल, तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे ‘मिटला’ असा दिवसच उजाडला नाही. दादा काही महिने गावी ज्वारीच्या काढणीला गेला, मग दादरला भाजी विकली, शेवटी भिवंडीला पॉवरलूमवर बारा तासांच्या पाळीवर लागला. 1985 च्या मे महिन्यात गावच्या देवळासमोर पन्नास माणसांत लग्न झालं. वहिनीकडच्यांनी साडेतीन वर्षं दुसरं स्थळ पाहिलं नाही, याबद्दल आमचं घर त्यांचं आजही देणं लागतं. 1987 ला पुतणी झाली. त्यानंतर कुणी नाही.

त्या वेळी मी बावीस वर्षांची होते. पुढे देवनारला लोकसंख्याशास्त्र शिकले आणि तीसेक वर्षं तेच शिकवलं. दादाच्या घरात जे झालं तेच एका अख्ख्या देशाच्या आकड्यांत दिसलं, तेव्हा मला हा विषय खऱ्या अर्थाने समजला. तो देश म्हणजे पूर्व जर्मनी.

9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत उघडली. त्या वर्षी पूर्व जर्मनीत सुमारे 1 लाख 99 हजार मुलं जन्मली होती. 1991 मध्ये 1 लाख 8 हजार. 1994 मध्ये 79 हजारांच्या आत. युद्ध नाही, साथ नाही, उपासमार नाही, आणि पाच वर्षांत जन्म निम्म्याहूनही कमी. एका स्त्रीमागे सरासरी किती मुलं हे सांगणारा जननदर 1994 ला 0.77 वर आला, म्हणजे एका बाईमागे एक मूलसुद्धा नाही. लग्नं तर त्याही आधी पडली, दोन वर्षांत निम्म्याखाली.

असं का झालं, हे कळायला आधीची घडी बघायला हवी. तिथल्या सरकारने तरुणांसाठी एक वाट आखून दिली होती. लग्न केलं की बिनव्याजी कर्ज मिळे आणि मूल होईल तसा त्या कर्जाचा भाग माफ होई, तिसऱ्यानंतर सगळंच. मूल झालं की एक वर्ष भरपगारी नसली तरी पैसे मिळणारी रजा, आणि परत आल्यावर नोकरी तिथेच. तीन वर्षांखालच्या बहुतेक मुलांना पाळणाघरात जागा. घर मिळण्याच्या रांगेत मूलवाल्यांचा नंबर आधी. त्यामुळे बावीस-तेविसाव्या वर्षी आई होणं ही तिथली रीत होती. त्या राजवटीत माणसांवर पाळत होती, बाहेर जायला बंदी होती, हे मी विसरत नाही. पण उद्या सकाळी नोकरी असेल की नाही, हा प्रश्न तिथल्या बाईला कधी पडला नव्हता.

1 जुलै 1990 ला पश्चिम जर्मनीचं चलन आलं, 3 ऑक्टोबरला दोन्ही देश एक झाले. कारखाने विकले गेले, बंद पडले. तीन-चार वर्षांत ढोबळमानाने तीनातली एक नोकरी गेली, आणि बायकांची आधी गेली. गिरणगाव ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

1999 साली मी कामानिमित्त रोस्टॉक या त्यांच्या बंदराच्या गावी तीन आठवडे होते. जिच्या घरात खोली घेतली होती ती बाई पूर्वी जहाजबांधणीच्या कारखान्यात क्रेन चालवायची. ती एकविसाव्या वर्षी, 1987 मध्ये आई झालेली. तिची धाकटी बहीण भिंत पडली तेव्हा वीस वर्षांची होती, आणि मी गेले तेव्हा एकोणतिसाव्या वर्षी पहिलटकरीण, सातवा महिना. थोरलीला जर्मन आणि शाळेत शिकवलेली रशियन, एवढंच येई. धाकटी हॅम्बुर्गला हॉटेलात काम करून इंग्रजी शिकून परत आली होती, त्यामुळे आमची दुभाषी तीच. एक दिवस ती मला घराजवळची एक लांबट इमारत दाखवायला घेऊन गेली. तिथे त्या दोघी लहानपणी जात असलेलं पाळणाघर होतं, आता गाद्यांचं दुकान झालं होतं. दाराशी कोट अडकवायच्या खुंट्या मात्र तशाच होत्या, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, प्रत्येक खुंटीवर वेगळं चित्र. कुणाची छत्री, कुणाची मासोळी. तिने मासोळीच्या खुंटीवर हात ठेवला आणि म्हणाली, ही माझी होती.

मी तिला विचारलं, एवढी वर्षं मूल नको वाटत होतं का? ती म्हणाली, “नको असं कधीच नव्हतं. नवे नियम समजेपर्यंत थांबायचं होतं. कुठे राहायचं, कुठल्या कामाला किती पैसे, आजारी पडलं तर काय, सगळंच नवीन होतं.” दादाच्या तोंडी हेच शब्द असते.

आता तुमचा ‘घाबरटपणा’. त्या काळी जर्मन वर्तमानपत्रांनीही पूर्वेकडच्या बायकांनी जणू मुलांविरुद्ध संप पुकारलाय असं लिहिलं होतं. पुढच्या वीस वर्षांनी ते खोटं ठरवलं. बायकांनी मुलं होऊ दिली, उशिरा होऊ दिली. 2008 च्या सुमारास पूर्वेचा जननदर पश्चिमेच्या पुढे गेला. आणि मूलच नसलेल्या बायकांचं प्रमाण पश्चिमेपेक्षा पूर्वेत कमीच राहिलं.

मग काही बिघडलंच नाही का? बिघडलं, आणि तेच मला तुम्हाला सांगायचंय. 1960 च्या आसपास जन्मलेल्या पूर्व जर्मन बाईला आयुष्यभरात सरासरी 1.8 मुलं झाली. 1970 च्या आसपास जन्मलेलीला, म्हणजे माझ्या त्या दुभाषीच्या पिढीला, दीडच्या आसपास. पहिलं मूल बहुतेकींना झालं. मागे पडलं ते दुसरं. पडझडीच्या काळात पहिल्यासाठी माणसं कशीतरी जागा करतात. दुसऱ्याची वेळ येईपर्यंत वय पुढे गेलेलं असतं, किंवा अंगातलं बळ तरी. वहिनीला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “ही झाली तेव्हा हातातोंडाची गाठ पडत नव्हती. पडायला लागली तोवर ही दहा वर्षांची झाली. परत दुपटी कोण धुणार, म्हटलं.” आईच्या दोन कुंच्यांतली एक पुतणीने वापरून फाटली. दुसरी अजून ट्रंकेत आहे, घडीवर पिवळी पडलीय.

राहिला 72 चा दुष्काळ. ‘आमच्याकडे मुलं झालीच’ हे तुमच्या घरापुरतं खरं असेल, तुमच्याकडे बँकेचा पगार होता. माणमध्ये आमच्या भावकीतल्या दोन मुलींची लग्नं त्या वर्षी पुढे ढकललेली मला आठवतात. बाप्ये खडी फोडायला लांबच्या कामावर, बायका मागे. दुष्काळ-उपासमारीत जन्म घटतात, हे मुंबई इलाख्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांच्या नोंदींतही दिसतं. धान्य महागल्यानंतर साधारण नऊ महिन्यांनी जन्माच्या नोंदी खाली येतात. नवरा-बायको एका छपराखाली नसतात, भुकेने बाईची पाळी जाते, आणि जिथे शक्य तिथे माणसं स्वतःही जपून राहतात. तेव्हा थांबायची साधनं कमी होती, म्हणून थांबणं आपल्याला दिसलं नाही. तुमच्या सुनेकडे साधनं आहेत, म्हणून तिचा निर्णय उघड दिसतो, एवढाच फरक.

महाराष्ट्राचा जननदर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.7 होता. म्हणजे पुण्यातली तुमची मुलं काही जगावेगळं करत नाहीयेत.

तुम्ही काय करावं? सुनेशी बोलू नका, मुलाशी बोला, आणि ‘कधी’ असं विचारू नका. घराचा हप्ता किती आहे, एकाची नोकरी गेली तर किती महिने निघतील, मूल झालं तर पहिली दोन वर्षं ते कुणाकडे, एवढं विचारा. आणि त्यातला कुठला भार तुम्ही उचलू शकता ते नेमकं सांगा. ‘आम्ही आहोत ना’ असं मोघम नको. ‘सहा महिन्यांचा हप्ता आमच्या ठेवीतून देऊ’ किंवा ‘आम्ही दोघं दोन वर्षं पुण्यात येऊन राहतो’ असं ठोक. माझ्या वडिलांकडे दादाला द्यायला असं काहीच नव्हतं. तुमच्याकडे आहे. हे सगळं सांगूनही त्यांचं उत्तर ‘नाही’ असलं, तर ते त्यांचं उत्तर आहे, आणि मग तो विषय तुमच्याकडून पुन्हा निघता कामा नये.

प्रश्न: माझ्या वडिलांची आणीबाणीत नसबंदी झाली. ते शिक्षक होते, ‘केस’, म्हणजे नसबंदीसाठी एखादा माणूस, आणली नाही तर पगार थांबेल असं सांगितलं होतं. केस मिळेना म्हणून ते स्वतःच गेले. आम्ही तेव्हा चार भावंडं होतो. त्या सगळ्या जबरदस्तीचा लोकसंख्येवर खरंच परिणाम झाला का? वडील आता नाहीत, पण हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत होता.
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर: तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुणीतरी हयातीत द्यायला हवं होतं.

1975-76 मध्ये देशात सुमारे 27 लाख नसबंद्या झाल्या. 1976-77 या एका वर्षात सुमारे 83 लाख, त्यातल्या तीन-चतुर्थांश पुरुषांच्या. आपल्या विधिमंडळाने तर 1976 साली तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. मार्च 1977 मध्ये सरकार पडलं आणि पुढच्या वर्षी नसबंद्यांचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास आला.

जन्मदराचं म्हणाल तर 1977 ला तो दर हजारी 33 पर्यंत थोडा उतरला, आणि मग 1984 पर्यंत 33-34 च्या मध्येच अडकून बसला. आधी हळूहळू का होईना उतरत होता, तो थांबला. 83 लाख शस्त्रक्रियांचा परिणाम एवढा थोडा का? एक कारण तुमच्या घरातच आहे. तुमच्या वडिलांना चार मुलं झालेली होती. लक्ष्य भरण्यासाठी जे लोक आणले गेले त्यांतल्या पुष्कळांचं कुटुंब पुरं झालेलं होतं, काही तर वयस्कर होते. जे जन्म होणारच नव्हते ते थांबवण्यासाठी एवढी माणसं टेबलावर झोपवली.

दुसरं नुकसान अजून चालू आहे. नसबंदी हा शब्दच लोकांना नकोसा झाला. 1977 मध्ये खात्याचं नाव ‘कुटुंब नियोजन’ बदलून ‘कुटुंब कल्याण’ करावं लागलं. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, तरी पुरुष त्यापासून लांब गेले ते गेलेच. 2019-21 च्या पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ 38 टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. ज्यांच्या नवऱ्याची झालेली त्या 0.3 टक्के. त्या एकवीस महिन्यांचं ओझं पुढची पन्नास वर्षं बायकांच्या पोटावर आलं, असं मी म्हणते आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

लोकांना मूल व्हावं किंवा होऊ नये, यासाठी सरकारने हात पिरगाळला की माणसं सरकारवरचा विश्वास काढून घेतात. मग खरोखर उपयोगाची गोष्ट घेऊन दारात आलेली आरोग्यसेविकाही त्यांना परकी वाटते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अशा सेविकांना गावात शिरू देत नसत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

प्रश्न: मी 33 वर्षांची, नवी मुंबईत एका खासगी कंपनीत आहे. नवऱ्याची नोकरी मार्चमध्ये गेली. आम्हाला मूल हवं आहे, पण आता घर माझ्या पगारावर आहे. गरोदर राहिले तर मलाच काढून टाकतील ही भीती. थांबावं का? किती थांबता येईल?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: रोस्टॉकची माझी दुभाषी वीस वर्षांची होती, तिला नऊ वर्षं थांबणं परवडलं. तिच्या बहिणीच्या कारखान्यातल्या बत्तीस-तेहतीस वर्षांच्या बायकांना तेवढा वेळ नव्हता. म्हणून तुम्हाला ‘सगळं स्थिर होईपर्यंत थांबा’ असं मी सांगणार नाही. स्थिर झाल्याची चिठ्ठी कुणी आणून देत नाही. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता भराभर कमी होत जाते. तेव्हा निर्णय काहीही असो, या महिन्यात दोघंही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन या आणि तुमच्या हातात अंदाजे किती अवकाश आहे ते विचारा. मग हवं तर स्वतःच एक तारीख ठरवून थांबा, सहा महिने किंवा वर्ष, पण तारीख लिहून ठेवा.

नोकरीचं. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा हा तुमचा हक्क आहे, 2017 च्या दुरुस्तीपासून. त्या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही कंपनीने द्यायची असते. गरोदरपणाची सूचना तोंडी देऊ नका, ईमेलवर द्या आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, कामाची वार्षिक शेरापत्रकं आत्ताच घरी आणून एका फाइलीत लावा. आणि नवरा सध्या घरी आहे, तर मूल झाल्यावर पहिले महिने कोण सांभाळणार, याचं उत्तर तुमच्याकडे बऱ्याच जणींपेक्षा चांगलं आहे. त्याच्याशी तसं स्पष्ट बोलून घ्या.